गप्पा मारायचे पैसे

ताई, नमस्कार.

मी टीवायबीएला आहे, सोलापूरच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहते. घरी आम्ही तेलुगू बोलतो. आई विड्या वळते, पप्पा यंत्रमागावर आहेत. आमच्या कॉलेजनं यंदा दर शनिवारी दोन तासांचं 'संवाद सत्र' सुरू केलंय. सामाजिक आणि राजकीय विषयांवर मुलामुलींनी समोरासमोर बसून बोलायचं. ते चालवायला चार विद्यार्थी 'फॅसिलिटेटर' हवे आहेत. 'कमवा व शिका' योजनेतून तासाला ६० रुपये मिळणार. सरांनी माझं नाव दिलंय.

चाचणी म्हणून एक सत्र झालं, विषय आरक्षण. एक मुलगा म्हणाला, "तुम्हाला काय, सगळं सवलतीवर मिळतं." समोरची मुलगी रडत उठून गेली. मला काहीच सुचलं नाही, कागद हातात धरून उभी राहिले. सरांनी मग एकाला गाणं म्हणायला लावलं. मी स्वतः एसबीसीतून, म्हणजे विशेष मागास प्रवर्गातून प्रवेश घेतलाय. उत्तर अगदी ओठांवर आलं होतं, पण फॅसिलिटेटरनं मत द्यायचं नाही असं आधीच बजावलं होतं. वर "शांत बसा" म्हणताना माझा तेलुगू हेल ऐकून मागची मुलं हसली.

आई म्हणते, बसून गप्पा मारायचे पैसे कोण देतं, यात काहीतरी गोम आहे. पप्पा म्हणतात, राजकारणात पडू नको, पोलिसांत नाव गेलं तर नोकरीला नडेल. मैत्रीण म्हणते, हे पैसे घेऊन गप्प बसायचं काम आहे. घेऊ का सोडू?

– एक विद्यार्थिनी, सोलापूर

*

अगं, तुझ्या आईचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला, म्हणून आधी तोच घेते. विड्या वळणाऱ्या बाईला कामाचं माप पक्कं ठाऊक असतं. पान, तंबाखू मोजून मिळतं, हजार विड्यांमागे मजुरी ठरलेली असते, आणि कारखान्यात मोजणीला ज्या बाद होतात त्या तिच्याच अंगावर पडतात. अशा बाईनं "गप्पांचे पैसे कशाचे?" म्हणून विचारलं, तर तिला खरं विचारायचंय ते हे, की यात मोजतात काय? तुमच्या सरांनी हा प्रश्न आधी स्वतःला विचारला असता तर गाण्यापर्यंत वेळ आली नसती.

मोजण्यासारखं यात पुष्कळ आहे. तीस जण बसले, त्यातले बोलले किती? एकच माणूस किती वेळा बोलला? मुली किती बोलल्या, आणि बोलताना त्यांना मध्येच किती वेळा तोडलं? प्रश्न टाकल्यावर तू किती वेळ थांबलीस? हे शेवटचं फार अवघड असतं. खोलीत शांतता पसरली की चालवणाऱ्याला घाम फुटतो आणि तोच बोलायला लागतो. मनातल्या मनात दहापर्यंत मोज. सातव्या-आठव्या आकड्याला कोपऱ्यातलं कुणीतरी घसा खाकरतं, हा माझा तीस वर्षं वर्गात उभं राहून आलेला अनुभव आहे. या मोजदादीला कागद, पेन आणि कान लागतात. ही मेहनतच आहे, आणि मेहनतीचे पैसे घ्यायला लाजायचं कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, त्यांच्या वसतिगृहांतली मुलं शेतात राबून शिकली. तिथून 'कमवा व शिका' आलं. आजकाल या योजनेत बहुतेक ठिकाणी ग्रंथालयातली धूळ झटकायला नाहीतर बागेला पाणी घालायला देतात. त्या मानानं तुमच्या कॉलेजनं डोकं लावलंय, एवढं श्रेय मी त्यांना देते.

पण हिशेब चुकीचा लावलाय. आठवड्याला दोन तास म्हणजे १२० रुपये, महिन्याला ४८०. सत्राआधी विषय वाचायचा, बातम्या तपासायच्या, जोडीच्या फॅसिलिटेटरबरोबर प्रश्न ठरवायचे, यात एक तास जातो. सत्र संपल्यावर काय बिघडलं ते बोलायला अर्धा तास तरी हवा. साडेतीन तासांचे २१० होतात, महिन्याचे ८४०. हे मागून घे. आईला विचार, ती सांगेल कसं मागायचं ते.

आता ते सत्र. तू म्हणतेस, मला काही सुचलं नाही. तुला सुचायला हवं होतं असं मला वाटतच नाही. एकमेकांची नावंसुद्धा नीट ठाऊक नसलेली तीस मुलं बसवली आणि पहिल्याच दिवशी आरक्षण काढलं! चूल पेटवायला कुणी घासलेट ओतून घर पेटवत नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात १९८८ पासून असा कार्यक्रम चालतो. तिथल्या वांशिक तणावांच्या काळात तो सुरू झाला. त्यांच्या पद्धतीत चार टप्पे असतात. आधी ओळख आणि बसण्याबोलण्याचे नियम, मग एकमेकांच्या आयुष्यांतले फरक आणि त्यातली समानता, त्यानंतर कुठे पेटते विषय, आणि शेवटी मिळून काय करता येईल ते. म्हणजे तुमच्या सरांनी जो विषय पहिल्या दिवशी काढला, तो तिथे तिसऱ्या टप्प्यावर येतो. गटही तोच ठेवतात, दर वेळी नवी गर्दी नसते. हॅरल्ड साँडर्स नावाचे एक अमेरिकन मुत्सद्दी होते, १९७८च्या इजिप्त-इस्रायल वाटाघाटींमध्ये त्यांचा हात होता. त्यांनी पुढे आयुष्यभर हेच सांगितलं की तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटत राहिली तरच काही हलतं. ही काही परदेशी विद्या नाही म्हणा. भिशीच्या बायका वर्षभर भेटतात, म्हणून एकमेकींना चार कडू गोष्टी सुनावू शकतात.

मिशिगनची दुसरी गोष्ट तुझ्या फार उपयोगाची आहे. तिथे सत्र एकटा कुणी चालवत नाही. दोघं असतात, आणि ती दोघं मुद्दाम वेगवेगळ्या समाजगटांतली घेतात. आधी त्यांना रीतसर शिकवतात, मग बसवतात. तुमच्या त्या शनिवारी दोघं असती, तर एकानं त्या मुलीमागे बाहेर जायचं होतं आणि दुसऱ्यानं आत थांबून मुलाला विचारायचं होतं, "सवलत म्हणजे नेमकं काय म्हणायचंय तुला? फी? मार्क? जागा?" कारण सवलत या एका शब्दात चार वेगळी दुखणी कोंबलेली असतात. कदाचित त्याच्या घरी फी भरायला जनावर विकलं असेल. कदाचित त्यानं नुसतं ऐकलेलं ओकलं असेल. विचारल्याशिवाय कळत नाही. रागावून बसवलं असतं तर तो गप्प बसला असता आणि बाहेर टपरीवर दुप्पट बोलला असता.

ती मुलगी पुढच्या सत्राला आली तर त्या मुलाला सगळ्यांसमोर तिची माफी वगैरे मागायला लावू नकोस. आधी एकटी भेट. "त्या दिवशी मी थांबवायला हवं होतं" एवढं म्हण, आणि पुढे काय व्हावं ते तिलाच ठरवू दे. ती परत यायची नाही म्हणाली तर तेही ठीक.

आरक्षणासारख्या विषयाला आणखी एक तयारी लागते, आकड्यांचा एक कागद. आपल्याकडे भांडणं निम्मी ऐकीव आकड्यांवर होतात. एसबीसीला २ टक्के, धनगर समाज येतो त्या एनटी-क (भटक्या जमाती) गटाला साडेतीन टक्के, आर्थिक दुर्बल घटकांचे १० टक्के २०१९च्या घटनादुरुस्तीतून आलेले, मराठा समाजासाठीचा आधीचा कायदा सर्वोच्च न्यायालयानं मे २०२१ मध्ये रद्द केला आणि २०२४ साली नवा १० टक्क्यांचा कायदा झाला. एवढं फळ्यावर लिहिलेलं असलं तरी अर्धा तास वाचतो. कागद दोन विरुद्ध मतांच्या पोरांकडून आधी तपासून घे, म्हणजे "हे तुम्हीच लिहून आणलंत" असं कुणी म्हणायला नको.

तुझ्या मताचं काय? मत नसलेला माणूस असतो यावर माझा विश्वास नाही, आणि तसं सोंग घेणारा मला जास्त धोकादायक वाटतो. "फॅसिलिटेटरनं मत द्यायचं नाही" हा नियम अर्धवट आहे. माझा सल्ला असा, की सुरुवातीलाच सांगून टाक: मी एसबीसीतून आले, या विषयावर माझं ठाम मत आहे, आज मात्र माझं काम सगळ्यांना बोलता येतंय ना हे बघण्याचं आहे. आणि मी कुणाची बाजू ओढतेय असं वाटलं तर हात वर करा. मग जोडीदाराला सांग, मी कुणाला मध्येच तोडलं त्याच्या रेघा मार. सत्रानंतर रेघा मोज. तुझ्या मताच्या माणसांना दोनदा तोडलंस आणि विरुद्धच्यांना नऊदा, असं निघालं तर लाज वाटेल. वाटू दे. पुढच्या शनिवारी आकडा बदलतो. मैत्रिणीला सांग, गप्प बसायचे पैसे मिळत नाहीयेत. आणि इतर सहा दिवस तू तुझं मत कट्ट्यावर, घरात, मोर्च्यात हवं तिथे मांडायला मोकळी आहेस. फक्त शनिवारच्या खोलीत कुणी काय म्हणालं ते हत्यार म्हणून तिथे वापरायचं नाही.

मी हे शहाणपणानं सांगतेय, पण माझी स्वतःची फजिती ऐक. काही वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीत पाण्यावर बैठक होती. आपल्याकडे पाणी कसं येतं तुला सांगायला नको, काही दिवसांआड आणि तेही वेळीअवेळी. बैठक चालवायला मला बसवलं, मास्तरीण म्हणून. एका निवृत्त गृहस्थांनी उजनी, टीएमसी, समांतर जलवाहिनी यावर चाळीस मिनिटं भाषण केलं. बोलत होते छान, मी मान डोलावत राहिले. बैठक संपली, चहा झाला. जिन्यात एक बाई मला म्हणाली, "बाई, आमचा नळ लाइनीच्या शेवटाला. वरचे सगळे मोटारी लावून ओढतात, आमच्यापर्यंत फक्त हवा येते." ती पूर्ण वेळ मागच्या खुर्चीत बसली होती आणि मी एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं. त्या ओढणाऱ्या मोटारींमध्ये एक माझी होती, हे सांगायला मला पुढे बरेच महिने लागले.

म्हणूनच मला आपल्या सिद्धेश्वर तळ्याची गोष्ट वेगळी दिसते. शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या काळातल्या शिवभक्त संतांच्या परंपरेत सांगतात की सिद्धरामेश्वर इथे तळं खोदवून घेत होते, तेव्हा अल्लमप्रभू आले आणि मुद्दाम टोचून म्हणाले, "कुठाय तो वड्डर सिद्धराम?" (वड्डर म्हणजे दगड-माती खोदणारी जात.) खोदणाऱ्या मजुरांनी त्यांना दगड मारले. मग सिद्धराम आले, आधी भडकले, नंतर दोघांचा मोठा संवाद झाला आणि सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला गेले. संवाद सगळ्यांना आठवतो. मजुरांच्या नावावर मात्र फक्त दगड राहिले, कारण त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. (ही गोष्ट वीरशैव म्हणून सांगायची की लिंगायत म्हणून, यावरही वाद आहे. तो विषय तिसऱ्या टप्प्याच्या आधी काढू नकोस.)

सोलापूरकर म्हणून एक सावधगिरी. आपल्याकडे चर्चा तापली की कुणीतरी उठून चार हुतात्म्यांचं नाव घेतं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात एकाच दिवशी फासावर गेले, आपण सगळे एक आहोत, टाळ्या. नावं घेतली की समोरच्याला पुढे काही बोलताच येत नाही. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, म्हणूनच असा झाकणासारखा त्यांचा वापर मला खटकतो. मार्शल लॉच्या काळात सरकारशी भिडलेल्या शहराची ती माणसं. सत्रात कुणी असं झाकण ठेवलं तर नमस्कार कर आणि म्हण, "बरोबर आहे. मघाशी ती मुलगी काय सांगत होती, ते आधी पूर्ण ऐकू या."

पप्पांच्या भीतीला मी हसणार नाही. मोबाइलच्या स्टेटसवरून गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या तेही वाचतात. नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणी होते, हेही खरं. पण नीट बघितलं तर धोका बोलण्यापेक्षा चित्रीकरणात जास्त आहे. दोन तासांच्या बोलण्यातली वीस सेकंदं कापून फिरवली की काहीही अर्थ निघतो. तेव्हा फोन दाराशी एका टोपलीत, तुझा आणि सरांचाही. प्राचार्यांची लेखी परवानगी हवी. इमारतीत एक जबाबदार शिक्षक हजर हवा, पण शक्यतो त्या खोलीत नको. आणि सगळ्यांत महत्त्वाची अट: सत्राच्या अहवालात नावं लिहायची नाहीत. विषय, हजेरीचा आकडा, काय मुद्दे आले, बस. उद्या कुणी "कोण काय म्हणालं त्याची यादी दे" असं सांगितलं, मग ते शिक्षक असोत, नेत्याचा माणूस असो की आणखी कुणी, तर ते तुझं काम नाही, हे रुजू होण्याआधीच कागदावर लिहून घे. लिहून देत नसतील तर नोकरी सोड. या एका मुद्द्यावर मी तडजोड सुचवणार नाही.

"इथलं बाहेर जाणार नाही" असं वचन मात्र सरसकट देऊ नकोस, कारण ते पाळता येणार नाही. अठरा वर्षांखालच्या कुणी लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं तर पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवावंच लागतं, आणि तुमच्याकडे ज्युनिअरची मुलंही येत असतील. कॉलेजातल्या छळाची तक्रार निघाली तर अंतर्गत तक्रार समितीकडे कसं जायचं ते तुला माहीत हवं. सत्र सुरू होतानाच हे सांगून टाक. समुपदेशक व्हायला जाऊ नकोस, रस्ता दाखव आणि तिथपर्यंत सोबत जा.

पप्पांना हेही सांग की हे पक्षाचं काम नाही. खरं तर राजकारणाचा सरावच तुमच्या पिढीला मिळालेला नाही. १९९४च्या कायद्यानं आपल्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद झाल्या. २०१६च्या कायद्यानं पुन्हा दार उघडलं, पण २०१९ला होणार होत्या त्याही पुढे ढकलल्या. त्या निवडणुकांत मारामाऱ्या व्हायच्या, मी पाहिल्यात, त्यांची आठवण काढून गळे काढणाऱ्यांतली मी नव्हे. पण विरोधकासमोर उभं राहून, त्याच्याकडे बघत, आपलं म्हणणं मांडायची वेळ तेव्हा मुलांवर यायची. आता ती फक्त ग्रुपवर येते, अंगठ्यानं.

राहिला तुझा हेल. हसणाऱ्यांना हसू दे असं मी म्हणणार नाही, कारण लागतं ते लागतंच. पण विचार कर, पूर्व भागातली, आपल्या तेलुगू वस्तीतली किती मुलं त्या खोलीत मराठी चुकेल म्हणून तोंड मिटून बसली असतील? पुढच्या वेळी पहिलं वाक्य तेलुगूतच बोल. मग म्हण, ज्याला ज्या भाषेत सुचेल त्यात बोलावं. कन्नड, दखनी, तेलुगू, काहीही. शेजारचा मराठीत सांगेल. यानं बोलणं निम्म्या वेगानं चालतं, आणि तापलेल्या चर्चेला तेवढा वेग पुरतो. शिवाय दुसऱ्याचं वाक्य आपल्या तोंडून सांगायचं म्हणजे ते आधी नीट ऐकावं लागतं. आपल्या सोलापुरातलं साधं "काय बे" घे. ते प्रेमानं आलंय की भांडण काढायला, हे पुण्याहून आलेल्या प्रशिक्षकाला सात जन्मांत कळायचं नाही. तुला सुरावरून कळतं.

बाय द वे, कॉलेजवाले तुला कागदोपत्री 'सुलभक' म्हणतील. सरकारी प्रशिक्षणांतला शब्द आहे. मला तो ऐकला की एसटी स्टँडवरचं सुलभ आठवतं, पण पगाराच्या पावतीवर काय लिहितात याला फार महत्त्व देऊ नये. सूत्रसंचालन मात्र करू नकोस, शेरोशायरीची वही घरीच ठेव.

तर घे हे काम. आधी चार सत्रांचं सांगून घे, त्यानंतर पुन्हा बसून ठरवू असं सरांना म्हण. जोडीला तुझ्याहून वेगळ्या घरातलं, वेगळ्या मताचं कुणीतरी माग. जमलं तर तोच सवलतीवाला मुलगा माग. हे सुचवताना माझंही मन थोडं कचरतंय, तेव्हा आधी त्याच्याशी दोन चहा पिऊन बघ आणि मगच ठरव.

आणि पहिल्या खऱ्या सत्राला पाणी हा विषय घे. प्रत्येकानं एवढंच सांगायचं: आमच्याकडे पाणी कधी येतं, कोण उठतं, कोण भरतं. विडी घरकुलापासून होटगी रोडपर्यंतची मुलं बोलायला लागली की जात, पैसा, बाईमाणूस, महापालिका सगळं आपोआप खोलीत येऊन बसेल, आणि कुणाला रडत उठावं लागणार नाही. फक्त तुमच्या भागातला पाण्याचा वार त्या शनिवारी येतोय का ते आधी बघ. येत असेल तर सत्र दुपारी ठेवून घे, नाहीतर घागरी सोडून तुमच्याकडचं कुणी यायचं नाही, तूसुद्धा.